क्यूआर कोड लावा म्हणणारे, नोटिसा धाडणारे

महोदय,

ऑगस्ट २०२५ मध्ये ‘यूपीआय’वरून एका महिन्यात प्रथमच दोन हजार कोटींहून अधिक व्यवहार झाले. कौतुक रास्तच आहे. कोथिंबिरीच्या जुडीचे दहा रुपयेही आता मोबाइलवरून जातात आणि सुट्या पैशांऐवजी हातावर गोळ्या टेकवणे जवळपास बंद झाले. (पोरे तेवढी नाराज असतील!)

पण त्याच्या आदल्याच महिन्यात बंगळुरूत काय झाले? याच व्यवहारांच्या नोंदी पाहून छोट्या दुकानदारांना जीएसटीच्या नोटिसा गेल्या. त्यांनी क्यूआर कोड उतरवून ‘फक्त रोख’च्या पाट्या लावल्या. दूध, भाजी, फळे विकणाऱ्यांवर कारवाई होणार नाही, असे अखेर मुख्यमंत्री सिद्धरामय्या यांना सांगावे लागले. ताज्या भाजीवर मुळात जीएसटीच नाही, हे खात्याला आधी ठाऊक नव्हते का?

वस्तूंसाठी जीएसटी नोंदणीची मर्यादा वर्षाला ४० लाखांच्या उलाढालीची, सेवांसाठी २० लाखांची. ज्याची उलाढाल त्यापुढे जाते त्याने कर भरावा, यात दुमत नाही. मात्र बँक खात्यावर आलेला प्रत्येक रुपया विक्रीचा नसतो. मेव्हण्याने परत केलेली उसनवारीही त्यातच असते. केंद्रात आणि कर्नाटकात वेगवेगळे पक्ष असल्याने तेव्हा दोघांनी एकमेकांकडे बोट दाखवले. दुकानदार हिशेब जुळवत बसला.

आपल्याकडे ही वेळ येण्याआधी राज्याच्या जीएसटी विभागाने मंडयांमध्ये शिबिरे घेऊन हे नियम मराठीत समजावून सांगावेत.

– एक ग्राहक, सातारा