दिवे घाट उतरायला शिकवल्याबद्दल

आदरणीय काका,

सादर नमस्कार.

गेल्या महिन्यात मी पहिली २०० किलोमीटरची बीआरएम, म्हणजे ठरलेल्या मुदतीत पूर्ण करायची लांब पल्ल्याची सायकलफेरी, साडेतेरा तासांच्या मुदतीत पूर्ण केली. वाटेतल्या टप्प्यांचे शिक्के घ्यायच्या ब्रेव्हे कार्डावर शेवटचा शिक्का बसला तेव्हा सर्वांत आधी तुमची आठवण झाली. हे पत्र मी मुद्दाम सर्वांसमोर लिहीत आहे, कारण मातीच्या वाटा सोडून डांबरी रस्त्यावर येणाऱ्याला नेमकी कोणती मदत लागते, हे मला तुमच्यामुळे कळले.

सहा वर्षे मी वेताळ टेकडीवर आणि सिंहगडाच्या पायथ्याच्या पायवाटांवर एमटीबी (माउंटन बाईक, म्हणजे डोंगरवाटांची सायकल) चालवली. पुढे लांबचा पल्ला गाठण्याची ओढ लागली. पण त्या जाड, खाचांच्या टायरवर बोपदेव घाट चढून सासवडला पोहोचेपर्यंतच अंगातले बळ संपून जाई, म्हणून रोड बाईक, म्हणजे डांबरी रस्त्यासाठीची बारीक टायरची सायकल घेतली. पहिले दोन महिने फार वाईट गेले. गुडघ्याची पुढची बाजू दुखे, तळहात बधिर होत, आणि दगडगोट्यांच्या उतारावर कधी न घाबरलेली मी गुळगुळीत घाटात ब्रेक आवळून बसू लागले. जिथून सायकल घेतली तिथे ‘सवय होईल’ एवढेच उत्तर मिळाले होते. सायकल विकून टाकावी, असे मी ठरवलेही होते.

खडकवासल्याला चहाच्या टपरीवर तुम्ही मला येताना पाहिलेत आणि ओळखपाळख नसताना विचारलेत, “टेकडीवर चालवत होतीस का?” माझी सीट खाली होती, त्यावरून तुम्ही ते ओळखले होते. पुढच्या रविवारी तुम्ही मला घरी बोलावलेत. भिंतीला टेकून सायकलवर बसवलेत, पेडल सर्वांत खाली असताना त्यावर टाच ठेवायला सांगितलीत आणि पाय सरळ होईपर्यंत सीट वर घेतलीत. ती एकूण तीन सेंटिमीटर वर गेली, पण एका दिवसात नव्हे. दोन आठवड्यांत, थोडी थोडी. मग स्वतःच्या खणातून ८० मिलिमीटरचा स्टेम (हँडल सायकलला जोडणारा तुकडा) काढून माझा १०० चा बदललात, त्यामुळे हात ताणून धरण्याची गरज उरली नाही. टायरच्या कडेवर छापलेला आकडा ही कमाल मर्यादा असते हे मला ठाऊक नव्हते, म्हणून मी २८ मिलिमीटरच्या टायरमध्ये ११० पीएसआय (हवेच्या दाबाचे माप) हवा भरत होते. माझे ५६ किलो वजन विचारून तुम्ही ती पुढे ६० आणि मागे ६५ वर आणलीत. तळहातांचा बधिरपणा त्याच आठवड्यात कमी झाला.

पण खरे ऋण दिवे घाटाचे आहे. ट्रकची वर्दळ सुरू होण्याआधी, पहाटे, सासवडच्या बाजूने आपण तो घाट सलग तीन रविवार उतरलो. पायवाटेच्या तीव्र उतारावर कंबर सीटच्या मागे नेण्याची माझ्या अंगाला सवय होती. डांबरावर त्यामुळेच पुढचे चाक हलके होऊन सायकल वळणात बाहेर ओढली जाते, हे तुम्ही मला थांबवून समजावलेत. हात हँडलच्या खालच्या वाकात ठेवले की बोटे ब्रेकची दांडी जिच्यावर फिरते त्या खिळीपासून लांब जातात आणि कमी जोरात जास्त ब्रेक लागतो, हेही तिथेच प्रत्यक्ष करून घेतलेत. वळणाआधी वेग कमी करायचा, बाहेरचा पाय खाली ठेवून त्यावर भार द्यायचा, नजर वळण जिथे संपते तिथे ठेवायची. तिसऱ्या रविवारी खाली मस्तानी तलाव दिसला, तेव्हा लक्षात आले की आज मला आजूबाजूला पाहण्याइतकी उसंत मिळाली आहे. त्या क्षणी डोळ्यांत पाणी आले होते, काका. तुम्ही पुढे होतात म्हणून तुम्हाला दिसले नाही.

तुम्ही मला जुने सगळे विसरायला लावले नाहीत, याचे मोल मला सर्वांत जास्त वाटते. रोड बाईकवाले पुष्कळदा एमटीबीच्या सवयींना दोष समजतात, आणि हे मला मुळीच पटत नाही. कोपरे सैल ठेवणे, खड्डा चुकवता येत नसेल तर चाक हलके करून त्यावरून जाणे, खडी पसरलेल्या रस्त्यावर न गडबडणे, हे तुम्ही आवर्जून जपायला सांगितलेत. सासवड रस्त्यावर त्याचा रोज उपयोग होतो. नव्याने शिकायचे होते ते दुसऱ्यांसोबत चालवणे. टेकडीवर मी एकटी असे. तुमच्या मागे वाऱ्याच्या आडोशाला राहताना माझे पुढचे चाक तुमच्या मागच्या चाकाच्या बाजूला जाऊ द्यायचे नाही, कारण चाके घासली तर मागचाच पडतो, आणि खड्डा दिसला की हाताने खूण करून मागच्याला सांगायचे, हे तुम्ही कधी न चिडता पुन्हा पुन्हा सांगितलेत.

बीआरएमच्या दिवशी उलट्या वाऱ्यात एक नवखी मुलगी माझ्या मागे तासभर होती. मी प्रत्येक खड्ड्याला हात खाली केला.

तुमचा स्टेम अजून माझ्याच सायकलवर आहे. त्याच मापाचा नवा मागवला आहे. तो बसवला की येत्या रविवारी तुमचा परत द्यायला येते. आपण बोपदेवने चढू आणि दिवे घाटाने उतरू, आणि तुमची हरकत नसेल तर या वेळी घाटात मी पुढे राहीन.

आपली कृतज्ञ,
टेकडीवरून आलेली तुमची शिष्या