पॅरिसच्या जुन्या स्टेशनांतली हॉटेलं

पॅरिस

ती. बाबांस,
साष्टांग नमस्कार.

तुम्ही विचारलंत, स्टेशनाचं हॉटेल करतात म्हणजे नुसती पाटी बदलतात की आणखी काही? पाटी बदलणं सगळ्यात शेवटचं. त्याआधीची कामं जमिनीखाली, छपराच्या वर आणि कागदावर असतात. तुम्हाला पाण्याच्या लाईनीपासून सगळं लागतं, म्हणून सविस्तर लिहितो.

पॅरिसभोवती आतल्या अंगाने फिरणारी एक जुनी उपनगरी रेल्वे आहे. नाव ‘प्तीत सँत्यूर’, म्हणजे छोटा कमरपट्टा. (आपल्या ‘पतित’शी काही नातं नाही, पण नशिबाने तीही थोडी पतितच.) 1852 ते 1869 या काळात तुकड्यातुकड्याने बांधली, लांबी सुमारे 32 किलोमीटर. 1900 साली इथे मोठं जागतिक प्रदर्शन भरलं तेव्हा वर्षाला जवळजवळ 4 कोटी लोक तिने फिरले. त्याच वर्षी जुलैत मेट्रो सुरू झाली आणि लोक तिकडे वळले. 1934 च्या जुलैत प्रवासी गाड्या बंद केल्या, बदली बस दिली. पश्चिमेचा ओतईकडचा फाटा तेवढा 1985 पर्यंत चालला. मालगाड्या पुढेही बरीच वर्षं जात होत्या, त्यामुळे रूळ उखडले गेले नाहीत. बहुतेक ठिकाणी ते अजून आहेत, मध्ये झाडं उगवलेली.

त्यातली काही स्टेशनं आता खाण्याची ठिकाणं आहेत. ओर्नानो स्टेशनात 2014 पासून ‘ला रसिक्लरी’, तिथे शेजारी भाजीपाला, कोंबड्या आणि मोडक्या वस्तू दुरुस्त करण्याचा कोपरा. सँ-तुअँ स्टेशनात 2017 पासून ‘ल आझार ल्युदिक’, तिथे गाण्याचा मंचही आहे. माँरूज स्टेशनात 2019 पासून ‘ल प्वांसों’. तिकिटाला भोक पाडणारा तो चिमटा असतो ना, त्याचं हे फ्रेंच नाव. शारोनच्या स्टेशनात तर 1995 मध्येच कॅफे निघाला होता. पासी-ला म्युएतच्या स्टेशनातही रेस्टॉरंट आहे.

यातली बरीच स्टेशनं खंदकावर आहेत. शहराच्या रस्त्यांना रूळ आडवे जाऊ नयेत म्हणून गाडी खाली खणलेल्या चरातून नेली आणि तिकीटघर वर रस्त्याच्या पातळीला ठेवलं. आपल्याकडे पुलावरच्या तिकीटखिडकीवरून फलाटावर उतरतो तसंच. म्हणजे इमारतीचं डोकं रस्त्यावर आणि पाय पाच-सहा मीटर खाली. बघायला सुरेख, पण हॉटेलवाल्याची निम्मी डोकेदुखी या दोन पातळ्यांतून येते.

पहिली गोष्ट उताराची. अपंग माणसाला चाकाच्या खुर्चीतून आत येता आलं पाहिजे, हा 2005 चा कायदा. जुन्या इमारतीत रॅम्पचा चढ 6 टक्क्यांपर्यंत चालतो. सहा मीटर खाली जायला 6 टक्क्यांनी 100 मीटर लांब रॅम्प हवा, वर दर दहा मीटरला सपाट टप्पा. एवढी जागा कुठल्याच फलाटावर नसते. मग एकतर लिफ्ट घालायची, नाहीतर तिकीटघरातच हॉटेल मांडायचं आणि फलाट नुसता बघायला ठेवायचा. लिफ्टचा खड्डा जुन्या पायाजवळ खणावा लागतो आणि इथेच अंदाजपत्रक फुटतं. पाया किती खोल आहे ते आधी दोन-तीन ठिकाणी खणून बघायचं असतं. जुन्या नकाशावर विसंबणारे हमखास फसतात.

दुसरी गोष्ट बाहेर पडायच्या वाटांची. इथे माणसं मोजायची पद्धत ठरलेली आहे: बसून जेवायच्या जागेत दर चौरस मीटरला 1 माणूस, उभ्याने खायच्या जागेत 2, रांगेत 3. समजा हॉल 10 बाय 15 मीटरचा आहे आणि टेबलांसाठी 120 चौरस मीटर उरतात. म्हणजे 120 गिऱ्हाईक. एवढ्यांना दोन वाटा लागतात, एक 1.40 मीटर रुंद आणि दुसरी 0.90. आता शनिवारी रात्री टेबलं काढून सगळ्यांना उभ्याने खायला लावलं की तोच हॉल 240 माणसांचा होतो. 200 ची रेषा ओलांडली की इमारत वरच्या वर्गात जाते, सुरक्षा समितीची तपासणी आणि उघडण्याची परवानगी मागे लागते. तळघरासाठी ही रेषा 100 वरच आहे. त्यामुळे टेबलं हलवणार की नाही हे पहिल्या अर्जातच लिहायचं. रूळ मात्र सुटकेची वाट म्हणून धरता येत नाहीत. दोन्ही बाजूंना काळोखे बोगदे, गिऱ्हाइकाला तिकडे कसं पाठवणार? फलाटावर टेबलं मांडली तर वर यायला दोन वेगळे जिने लागतात आणि रुळांकडे धड कठडा.

आता तुमचा विषय, पाणी. स्वयंपाकघराचं सांडपाणी सरळ गटारात सोडता येत नाही, आधी तेल अडवणारी टाकी लागते. तिचा आकार अंदाजाने घेत नाहीत. दिवसाला 200 ताटं, युरोपीय मानकाप्रमाणे रेस्टॉरंटला ताटामागे 50 लिटर पाणी, एकदम वाहून येणाऱ्या लोंढ्यासाठी 8.5 ने गुणायचं आणि दहा तासांच्या सेकंदांनी भागायचं. उत्तर येतं सेकंदाला साधारण 2.4 लिटर. साबण वापरता म्हणून पुन्हा 1.3 ने गुणा, 3.1 होतं. बाजारात पुढचा आकार 4 चा, तो घ्यायचा. त्याला गाळाचा कप्पा किमान 400 लिटरचा. हे सगळं भरल्यावर टनाहून जड धूड होतं, जुन्या लाकडी फळ्यांच्या जमिनीवर ते ठेवायचा विचारही करू नये.

ही टाकी तीन कारणांनी बिघडते. भांडी धुण्याच्या मशीनचं कढत पाणी टाकीजवळच सोडलं की चरबी वितळलेलीच पुढे जाते आणि गार नळीत जाऊन थिजते. म्हणून पाण्याला टाकीपर्यंत थोडं अंतर द्यायचं. 60 अंशांच्या वरचं पाणी असेल तर टाकीचा आकार पुन्हा 1.3 पट. दुसरं, महिन्यातून एकदा तरी, जमलं तर पंधरवड्याने, ती उपसावी लागते. टँकरचा पाईप तिथपर्यंत पोचणार का हे कुणी आधी पाहिलेलं नसतं, आणि खंदकातल्या फलाटावर तो सहसा पोचत नाही. तिसरं कारण फक्त अशा स्टेशनांतलं. स्वयंपाकघर खाली ठेवलं तर घाण पाणी पंपाने वर चढवावं लागतं. पंप टाकीच्या आधी बसवला की तो तेल आणि पाणी घुसळून टाकतो आणि मग ते टाकीत वेगळं होतच नाही. आधी टाकी, मग पंप. शक्य असेल तर स्वयंपाकघर वरच ठेवावं, हे माझं मत. खाली धान्य, पेयं, फ्रीज.

धुराचं गणित तितकंच किचकट. चुली-भट्ट्यांची एकूण ताकद 20 किलोवॅटच्या वर गेली की ते ‘मोठं स्वयंपाकघर’. धूर ओढणारा पंखा 400 अंशांच्या धुरात अर्धा तास टिकला पाहिजे, गाळण्या आठवड्याला धुवायच्या, धुराडं वर्षातून एकदा तरी साफ करायचं. धूर जिथे बाहेर पडतो तिथून कुठल्याही खिडकीपर्यंत किमान 8 मीटर हवेत. स्टेशन ठेंगणं, शेजारी सहा-सात मजली घरं, म्हणजे छपरावर सोडलेला धूर नेमका कुणाच्या तरी बैठकीत. धुराडं उंच न्यावं तर स्टेशनाचं रूप बिघडतं, आणि जवळ एखादी संरक्षित वास्तू असली तर सरकारी वास्तुतज्ज्ञाची संमतीही घ्यावी लागते. म्हणून ही वाट सापडल्याशिवाय जागेचा करार करू नये.

ओढलेल्या हवेइतकी हवा परत आत द्यायची असते, हे बरेचजण विसरतात. ताशी 5,000 घनमीटर ओढणारा पंखा आणि 7 मीटर उंचीचा तोच हॉल, म्हणजे 1,050 घनमीटर, धरला तर सगळी हवा साडेबारा मिनिटांत बाहेर जाते. हवा परत दिली नाही तर दार उघडायला जोर लागतो, संडासाचा वास हॉलमध्ये येतो आणि जानेवारीत दाराशेजारच्या टेबलावर कुणी बसत नाही. दिलेली हवा तापवून द्यावी लागते, ते बिल वेगळं. उंच छपरामुळे गरम हवा वर जाऊन बसते, म्हणून वरून सावकाश फिरणारा पंखा लावून ती खाली ढकलतात. आपण उन्हाळ्यासाठी पंखा लावतो, हे थंडीसाठी.

आवाज. तिकीटघरात फरशी, गिलावा आणि काच. बोलणं घुमत राहतं. त्याच हॉलमध्ये आवाज शोषणारा पृष्ठभाग 80 चौरस मीटरइतकाच असेल तर नाद 2.1 सेकंद रेंगाळतो. जेवताना समोरच्याचं ऐकू यायचं तर तो एका सेकंदावर आणायचा, त्यासाठी जवळजवळ 100 चौरस मीटर जाड शोषक फळ्या हव्यात. म्हणजे दोन तृतीयांश छत झाकलं. इथे मालक कां कूं करतात, कारण नक्षीचं छत बघूनच त्यांनी जागा घेतलेली असते. मग फळ्या टेबलांच्या खालच्या बाजूला आणि भिंतींवर वाटून लावतात, काम जेमतेम होतं. बाहेरचं वेगळंच: रात्री 10 ते सकाळी 7 मध्ये तुमच्यामुळे आसपासचा आवाज 3 डेसिबलपेक्षा जास्त वाढता कामा नये, दिवसा 5. खंदकाच्या दोन्ही भिंती दगडी, फलाटावरच्या गप्पा थेट वरच्या मजल्यांवर चढतात. म्हणून फलाटावरची टेबलं लवकर उचललेली बरी.

भिंतींबद्दल थोडंच लिहितो. जुनं बांधकाम चुन्याचं आहे. दर्जा, म्हणजे दगडांमधले सांधे, भरायला सिमेंट वापरलं की ओल आत कोंडते, क्षार फुटतात आणि दगडाची वरची पापुद्री गळते. चुन्यानेच दर्जा भरायच्या. खंदकाच्या भिंतीत पाणी बाहेर पडायला ठेवलेली भोकं मुळांनी बुजलेली असतात, ती आधी मोकळी करायची, रंगरंगोटी त्यानंतर. जुन्या रंगात शिसं असतं, तो कोरडा घासायचा नाही. 1 जुलै 1997 पूर्वी परवानगी मिळालेल्या इमारतीत काही तोडण्याआधी अ‍ॅस्बेस्टॉसची तपासणी सक्तीची.

आणि ताईला सांगा, तिने फोटोत पाहिलेल्या त्या रुळांखालच्या लाकडी स्लीपरच्या बाकांचा नाद सोड. जुने स्लीपर क्रिओसोट नावाच्या डांबरी तेलात मुरवलेले असतात, ते कर्करोगाला कारण ठरतं. युरोपात घराच्या आत, बागेत, खेळण्याच्या जागी किंवा फर्निचरसाठी ते वापरायला बंदी आहे. भाजीच्या वाफ्याच्या कडेलाही नको. रुळांकडेची मातीसुद्धा खायच्या भाजीला भरवशाची नाही: तेल, धातूचा चुरा, वर्षानुवर्षं मारलेलं तणनाशक. म्हणून वाफे उंच पेट्यांत, तळाला जाड कापड, आणि आत बाहेरून आणलेली माती.

आता कागद. साध्या दुकानाचा भाडेकरार इथे किमान नऊ वर्षांचा असतो आणि भाडेकरूला चांगलं संरक्षण मिळतं. रेल्वेची सार्वजनिक जागा असेल तर तसा करार नाहीच. तात्पुरत्या वापराची परवानगी, जी परत घेता येते. 2017 पासून अशा धंद्याच्या जागा साधारणपणे स्पर्धा लावून द्याव्या लागतात. शिवाय पुढेमागे गाडी फिरवता येईल असं ठेवायचं हे महापालिका आणि रेल्वे यांच्यात ठरलेलं आहे, त्यामुळे रुळांवर पक्कं बांधकाम नाही. परवानगी बारा वर्षांची असेल तर कर्ज दहा वर्षांत फिटलं पाहिजे, तेराव्या वर्षी लिफ्ट काही बरोबर नेता येत नाही. मद्याचा परवाना घ्यायचा तर आधी 20 तासांचं शिक्षण, आणि स्वच्छतेचं 14 तासांचं निदान एका माणसाला तरी.

तुम्ही आलात की ओर्नानोला जाऊ. 4 नंबरची मेट्रो, पोर्त द क्लिन्याँकूर. खिडकीजवळचं टेबल धरायचं, खाली रूळ दिसतात. तेल अडवणारी टाकी कुठे बसवली आहे ते तुम्हीच शोधा.

आईला नमस्कार, ताईच्या पिल्लांना गोड पापा.

तुमचा,
धाकटा