मुलांना खाऊ द्या, पाकीट नको
ठाण्यातल्या महापालिका शाळांच्या व्यवस्थापन समित्यांमधील पालक सदस्यांचे आवाहन

पंधरा ऑगस्टला झेंडावंदन झालं की महापालिकेच्या शाळांमध्ये खाऊ वाटला जातो. त्यानंतरही वाढदिवस, जयंत्या, मंडळांचे कार्यक्रम, कंपन्यांचे उपक्रम यांतून वर्षभर काही ना काही येत राहतं. देणाऱ्यांचे आम्ही मनापासून आभारी आहोत. पण येतं ते बहुधा क्रीमचं बिस्किट, वेफर्स, कपकेक नाहीतर आंब्याचं चित्र असलेलं गोड पेय. सकाळी साडेदहाला हे पोटात गेलं की दुपारची खिचडी ताटात तशीच राहते, आणि डाळ-भाजी मिळण्याची त्या दिवसाची संधी हुकते. म्हणून विनंती आहे की देणं थांबवू नका, फक्त काय द्यायचं ते बदला.

शाळेत दुपारचं जेवण देणाऱ्या पीएम पोषण योजनेत पहिली ते पाचवीच्या मुलाला रोज १०० ग्रॅम धान्य, २० ग्रॅम डाळ किंवा कडधान्य, ५० ग्रॅम भाजी आणि ५ ग्रॅम तेल ठरलेलं आहे. सहावी ते आठवीला हेच प्रमाण १५०, ३०, ७५ आणि साडेसात ग्रॅम. हे साधं, शिजवलेलं अन्न आहे आणि आमची तक्रार त्याच्याबद्दल नाही. (तांदळात थोडे वेगळे दिसणारे दाणे आढळले तर ते प्लास्टिक नाही. लोह, फॉलिक ॲसिड आणि बी १२ घातलेले ते दाणे शंभरात एक या प्रमाणात मिसळतात. कृपया निवडून टाकू नका.) उणीव आहे ती अंडी आणि फळांची. जानेवारी २०२५ मध्ये राज्य सरकारने अंड्यांसाठीचा निधी थांबवला आणि ती लोकसहभागातून द्यावीत असं सांगितलं. पाकिटांवर खर्च होणारा पैसा इकडे वळला तर आठवड्यातून एक अंडं किंवा एक केळं प्रत्येक मुलाला मिळू शकतं. योजनेत ‘स्नेहभोजन’ म्हणून अशा देणगीची सोयही आहे, मात्र ती रोजच्या जेवणाच्या जोडीला असते, त्याच्या बदल्यात नाही.

अंडी देणाऱ्यांसाठी थोडं सविस्तर. एका ट्रेमध्ये ३० अंडी येतात आणि ट्रेमागे एक-दोन फुटतात, म्हणून ११० मुलांना चार ट्रे धरा. अंडी आदल्या दिवशी आणा, पण धुऊन ठेवू नका; उकडायच्या आधीच धुवा. पाण्यात तरंगणारं अंडं सरळ बाजूला काढा. उकळत्या पाण्यात सोडली तर कवच तडकतं, तेव्हा गार पाण्यातच ठेवून गॅस लावा आणि उकळी आल्यावर १० ते १२ मिनिटं मोजा. शंभर अंडी एकाच पातेल्यात रचली की तळाची जास्त शिजतात आणि वरची कच्ची राहतात. ट्रे-ट्रेने उकडावीत. जास्त शिजलं की पिवळ्याभोवती हिरवट कडी येते. मुलं ते नासलं समजून टाकून देतात. ते खायला चालतं, पण वाया जातंच. सोलून आणू नका, कवचासकट आणा आणि उकडल्यापासून दोन तासांच्या आत वाटा. अंडी न खाणाऱ्या मुलांची यादी पालकांकडून लिहून घेतलेली असते, तेवढी केळी मोजून आणा. जांभळी नाक्यावरून केळी घेताना देठाशी किंचित हिरवी असलेली घ्या, दुसऱ्या दिवशी वाटायला बरोबर होतात.

बचत गटांना उसळ द्यायची असेल तर लहान वर्गांच्या १०० मुलांना २ किलो कोरडी मटकी पुरते. आठ तास भिजवून, पाणी बदलून फडक्यात बांधा. एप्रिलच्या उकाड्यात दहा-बारा तासांत मोड येतात. आणखी एक रात्र ठेवली की ती बुळबुळीत होते, आंबूस वास सुटतो. अशी मटकी धुऊन वापरू नका, सगळी टाका. कच्च्या मोडांची कोशिंबीर शाळेत नकोच, कारण ज्या उबेत मोड येतात त्याच उबेत जंतूही वाढतात.

सुकं काही द्यायचं तर गुळाची शेंगदाणा चिक्की, राजगिऱ्याचे लाडू, भाजलेले चणे. पावसाळ्यात मात्र चिक्की ओल धरते, चिकट होते, शिवाय दमट शेंगदाण्याला बुरशी लागते. खवट, कडू किंवा सुरकुतलेला दाणा असलेला माल परत करा. जून ते सप्टेंबर केळं किंवा अंडंच सोयीचं. बालवाडीच्या मुलांना अख्खे शेंगदाणे आणि चणे देऊ नयेत, घशात अडकतात. शेंगदाण्याची ॲलर्जी असलेलं मूल वर्गात आहे का, हे आधी शिक्षकांना विचारा.

पाकीट घेणारच असाल तर पुढची बाजू सोडून मागची वाचा. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापलेले असतात. पहिल्या तिनांत मैदा, साखर, पाम तेल असेल तर ठेवून द्या. ग्लुकोज सिरप, माल्टोडेक्स्ट्रिन, ‘फ्लेवर’, रंग १०२ किंवा ११० (हे आकडे म्हणजे मिसळलेल्या घटकांचे सांकेतिक क्रमांक), चव वाढवणारे ६२७ आणि ६३१, गोडी आणणारा ९५५ यांतलं काही दिसलं तर तो पदार्थ घरच्या स्वयंपाकघरात होण्यासारखा नाही, एवढं समजा. प्रत्येक आकड्याला घाबरायचं कारण नाही. ५०० म्हणजे आपला खायचा सोडा. साखरेचा हिशोबही करून पाहा. १०० ग्रॅममागे २५ ग्रॅम साखर असेल तर ६० ग्रॅमच्या पुड्यात १५ ग्रॅम, म्हणजे जवळजवळ चार चमचे. फळाच्या पेयात तर १० टक्के रस असला तरी नियमात बसतं.

शाळेजवळच्या दुकानदारांनाही हात जोडून विनंती. १ जुलै २०२१ पासून लागू असलेल्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या नियमांनुसार, जास्त साखर, मीठ किंवा चरबी असलेले पदार्थ शाळेच्या फाटकापासून ५० मीटरच्या आत विद्यार्थ्यांना विकता येत नाहीत. पाच रुपयांच्या पुड्यांच्या माळा काढून तिथे चण्या-शेंगदाण्यांच्या पुड्या, केळी आणि लाडवांची बरणी मुलांच्या नजरेच्या उंचीवर ठेवा. धंदा बुडावा असं आम्हाला मुळीच वाटत नाही. मधल्या सुट्टीत हा माल खपावा म्हणून आम्ही पालकही मुलांना समजावू.

हे जमण्यासारखं आहे. ब्राझीलने शालेय जेवणाच्या निधीतून प्रक्रिया केलेल्या आणि अतिप्रक्रिया केलेल्या (म्हणजे घरच्या स्वयंपाकघरात होण्यासारख्या नसलेल्या) पदार्थांवर करायच्या खर्चाची मर्यादा २० टक्क्यांवरून २०२५ मध्ये १५ वर आणि २०२६ साठी १० वर आणली. कॅलिफोर्नियाने ऑक्टोबर २०२५ मध्ये अतिप्रक्रिया केलेल्यांपैकी घातक पदार्थ शाळांतून टप्प्याटप्प्याने काढण्याचा कायदा केला. आपल्याकडे तर ताटात आधीच डाळ-भात आहे.

आम्हाला हवं आहे ते असं: अंडी-केळ्यांसाठी देणगी, एक ३० किलोचा वजनकाटा, झाकणाचे स्टीलचे डबे, खिचडी ६० अंशांच्या वर गरम आहे का ते पाहायला अन्नाचा थर्मामीटर, आणि आठवड्यातून एकदा दोन तास देणारी दोन माणसं. नखं कापलेली असावीत. जुलाब किंवा हाताला जखम असेल तर त्या दिवशी येऊ नये. पैसे रोख देऊ नका. शाळा व्यवस्थापन समितीच्या खात्यावर चेकने किंवा ऑनलाइन द्या, सोबत ‘पूरक आहारासाठी’ असं लिहून कळवा आणि पावती मागून घ्या. वस्तू देणार असाल तर दोन दिवस आधी मुख्याध्यापकांच्या कार्यालयात सांगा, म्हणजे पट मोजून नेमकी संख्या देता येईल. बॅनरपुढे मुलांना उभं करून फोटो काढू नका. किती अंडी आली, किती वाटली, किती फुटली हे दर शनिवारी शाळेच्या फळ्यावर लिहिलेलं असेल. कोणीही येऊन वाचावं.