लावणीचे दिवस आणि नीट दिलेली मुले

महोदय,

नीटची, म्हणजे वैद्यकीय प्रवेशाची, परीक्षा मे महिन्यात होते. निकाल, प्रवेशाच्या फेऱ्या हे सगळे उरकून वर्ग सुरू व्हायला बहुधा सप्टेंबर-ऑक्टोबर उजाडतो. मधल्या काळात ही मुले मोकळी असतात आणि कोकणात नेमका तोच काळ भातलावणीचा, लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिस, चिखल-पाण्यातून होणारा ताप) आणि सर्पदंशाचा. हा योग कुणी जुळवून आणत नाही. त्याऐवजी मुलांना 'सेवेचा अनुभव' मिळावा म्हणून एखाद्या रविवारी शाळेत शिबिर लागते. गावाचा रक्तदाब आणि साखर मोजली जाते, फोटो निघतात, मंडळी घरी जातात. आकडा जास्त आलेल्या माणसाकडे पंधरा दिवसांनी कुणी फिरकत नाही.

तो आकडाही बऱ्याचदा खोटा. माणूस घाटी चढून आलेला, नुकताच चहा घेतलेला, पाय लोंबते, हात अधांतरी आणि पट्टा सदऱ्याच्या बाहीवरून गुंडाळलेला. पाच मिनिटे टेकून बसवावे, पावले जमिनीला, दंड उघडा, हात छातीच्या पातळीवर टेबलावर, मोजताना बोलणे बंद. जाड दंडाला लहान पट्टा लावला की रक्तदाब वाढलेला दिसतो. एक-दोन मिनिटांनी दुसऱ्यांदा मोजावे. यात माणशी आठ-दहा मिनिटे जातात. एकट्याने तासाला चाळीस जण उरकणाऱ्याने एकही नीट तपासलेला नाही, असे खुशाल समजावे.

साखरेचे तर विचारूच नका. आंबा-फणस सोलून आलेल्या बोटाला टोचले, तर धडधाकट माणूसही मधुमेही ठरतो. नुसत्या स्पिरिटच्या बोळ्याने तो रस जात नाही; हात साबणाने धुऊन कोरडे करावे लागतात. पावसाळ्यात स्ट्रिपची डबी उघडी राहिली की दमट हवेने स्ट्रिपा बाद. मुळात टोचायचे काम या मुलांकडे देऊच नये. लहानपणी हिपॅटायटिस बीची लस झाली नसेल, तर तिचे तीन डोस पुरे व्हायला सहा महिने लागतात. सुई टोचली गेलीच, तर बोट न दाबता वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवावे आणि लगेच डॉक्टरांना सांगावे, लपवू नये.

मग त्यांनी करायचे काय? लेप्टो होऊ नये म्हणून जोखमीच्या शेतकऱ्यांना लावणीच्या हंगामात डॉक्सीसायक्लिन आठवड्यातून एकदा, २०० मिलिग्रॅम, म्हणजे १०० च्या दोन गोळ्या, दिले जाते. कुणाला द्यायचे हे आरोग्य केंद्र ठरवते. गरोदर व अंगावर पाजणाऱ्या बायांना आणि आठ वर्षांखालील मुलांना ते देत नाहीत. गोळ्या वाडीत पोचतात, घोडे अडते दुसऱ्या आठवड्यात. पहाटे चिखलणीला निघताना माणूस उपाशीपोटी, घोटभर पाण्यावर गोळ्या टाकतो. गोळी अन्ननलिकेत रेंगाळते, छातीत जळजळते, उलटी होते आणि उरलेले पाकीट कोनाड्यात जाते. जेवणानंतर, पेलाभर पाण्याबरोबर, घेतल्यावर अर्धा तास आडवे न होता, एवढे सांभाळले तर त्रास बराच कमी होतो. बायांच्या लोहाच्या गोळ्या त्याच वेळी घेऊ नयेत, कारण त्यामुळे डॉक्सी नीट शोषली जात नाही. हे दर आठवड्याला, ठरल्या वारी, संध्याकाळी घरी जाऊन विचारायला आशाताईंना एकटीने जमत नाही. बारावी झालेल्या मुलाला सहज जमेल.

त्याच फेरीत पाय बघावेत. चिखल्या, भेगा, विळ्याची चीर यांतून लेप्टोचे जंतू आत शिरतात. ताप आणि सोबत पोटऱ्या दुखणे, डोळे लाल होणे किंवा लघवी कमी होणे दिसले, तर त्याच दिवशी केंद्रात पाठवायचे. 'दोन दिवस बघू' म्हणायचा अधिकार विद्यार्थ्याला नाही, आणि स्वतःच्या मनाने गोळी द्यायचा तर नाहीच.

सर्पदंशासाठी पावसाआधी वाडीचा एक कागद करावा: साकव बुडाला तर रस्ता कुठून, रात्री गाडी काढणारे कोण, प्रतिविष जवळच्या कोणत्या रुग्णालयात नक्की आहे, आणि १०८. फुरसे असो वा घोणस, आवळून बांधायचे नाही, कापायचे नाही. हात किंवा पाय हलू न देता न्यायचे आणि चावल्याची वेळ लिहायची. हा कागद घरोघरी वाचून दाखवायला एक आठवडा पुरतो.

आजाऱ्यांची नावे, फोटो व्हॉट्सॲपवर टाकायचे नाहीत, हे पहिल्याच दिवशी लिहून घ्यावे.

जिल्हा परिषदेच्या आरोग्य विभागाने दर उपकेंद्राला जून ते सप्टेंबर दोन मुले जोडावीत, आरोग्यसेविकेच्या हाताखाली, एका वहीसह. बरीच मुले अठराच्या आतली असतात, तेव्हा पालकांची संमती लागेल. आणि चिखलातून वाडीवर जायचे तर त्यांनाही गमबूट लागतील, डॉक्सीचे डॉक्टरांना विचारून ठरवावे.

– एक निवृत्त वैद्यकीय अधिकारी, रत्नागिरी जिल्हा