बराकीच्या भिंतीवर घण

महोदय,

संरक्षण खर्चाचे आकडे वाचले की मला मध्य अमेरिकेतल्या कोस्टा रिकाचे १९४८ साल आठवते. फेब्रुवारीत अध्यक्षपदाची निवडणूक झाली, संसदेने निकालच रद्द केला, मार्च-एप्रिलमध्ये ४४ दिवस यादवी पेटली. बंडखोरांचे नेते होसे फिगेरेस जिंकले. असा माणूस सहसा फौज वाढवतो. या गृहस्थांनी १ डिसेंबरला राजधानी सान होसेतील बेयाविस्ता बराकीच्या भिंतीवर घण घातला आणि लष्करच मोडीत काढले. (हरलेल्यांचीच ती फौज, हा हिशेबही असणारच!) दहा-बारा दिवसांत शेजारच्या निकाराग्वातून विरोधक चालून आले, तरी निर्णय फिरला नाही; पुढल्या वर्षी तो घटनेतच गेला. बराकीत आता राष्ट्रीय संग्रहालय आहे. बुरुजांवर गोळ्यांची भोके अजून दिसतात.

– एक वाचक, सांगली