मिरगाआधी मांडाचे छप्पर : गावाला आणि गावाबाहेरच्या आपल्या माणसांना आवाहन

समस्त गावकार, सासरी गेलेल्या लेकी, नोकरीधंद्यासाठी पणजी, वास्को, मुंबईला किंवा आखातात असलेली आपली माणसे, सगळ्यांना मंडळाचा सप्रेम नमस्कार.

गेल्या गणेश चवथीच्या आदल्या रात्री आरतीच्या तालमीसाठी मांडाशेजारची, म्हणजे गावाचे सण जिथून सुरू होतात त्या जागेशेजारची, खोली उघडली, तेव्हा काय दिसले ते आधी सांगतो. दिवसभर आपल्या गोव्यातल्या सत्तरी तालुक्याचा पाऊस कोसळत होता. खोलीत शिरताच ओल्या चामड्याचा वास आला. बॅटरी मारली तर वरच्या फळीवर थेंब थेंब पाणी पडत होते आणि त्याच फळीवर आपली घुमटे, आरतीला वाजवायची मातीची चामडे लावलेली वाद्ये, ओळीने ठेवलेली. १७ घुमटांपैकी ९ घुमटांचे चामडे गेले होते. एकावर बोट ठेवले तर ते भिजल्या पुठ्ठ्यासारखे आत गेले. दोन घुमटे फळीवरून खाली पडून फुटली होती. त्यांतले एक आपल्या जुन्या आरतीकारांच्या हातचे. तीस वर्षे वाजलेले, काठाला सुंभाचा पीळ बसून गुळगुळीत झालेले. त्याच्या खापऱ्या अजून आमच्याकडे आहेत, टाकवत नाहीत.

छपराचे दोन वासे वाळवीने पोखरले आहेत, रिपा वाकल्या आहेत, कौले सरकली आहेत. हे आम्हाला दोन वर्षांपूर्वीच कळले होते. ताडपत्री टाकून आम्ही वेळ मारून नेली. तेव्हाच छप्पर उतरवायला हवे होते. ही चूक मंडळाची आहे आणि गावापुढे ती मान्य करूनच आम्ही हात पसरत आहोत.

त्या रात्री पुढे जे झाले, त्यामुळेच हे आवाहन लिहायचा धीर आला. तासाभरात बातमी सगळ्या वाड्यांवर गेली. कोणी माळ्यावरून घुमट काढले, कोणी मामाच्या गावी दुचाकी पिटाळली. पलीकडच्या वाड्यावरच्या एका ख्रिस्ती घरातून दोन घुमटे आली. त्यांच्याकडे ती लग्नाकार्यात मांडो ही कोकणी गाणी गाताना वाजवायला राखलेली. घरातल्या वयस्कर काकांनी ती निखाऱ्यांवर धरून शेकली, कानाशी नेऊन टिचकी मारली, सूर लागला तेव्हाच आमच्या मुलांच्या हाती दिली. "चवथीक आरत उणी पडूंक फावना," एवढेच म्हणाले. दुसऱ्या दिवशी घरोघरी आरती झाली आणि एकाही घरी ती उणी पडली नाही.

बाहेर वाढलेल्या आपल्या नातवंडांसाठी घुमटाविषयी थोडे सांगायला हवे. घुमट म्हणजे दोन्हीकडे तोंड असलेले मातीचे मडके. मोठ्या तोंडावर चामडे ताणून बसवतात, धाकटे तोंड उघडे असते. उजव्या हाताची बोटे चामड्यावर नाचतात आणि डावा तळवा धाकटे तोंड झाकतो, सोडतो. आवाज घुमतो तो त्या झाकण्या-सोडण्यातून. जोडीला दोन काड्यांनी वाजणारा शामेळ आणि कासाळें, म्हणजे झांजा. पूर्वी घोरपडीचे कातडे लावत. घोरपडीला कायद्याने संरक्षण मिळाले आहे, म्हणून आता बकऱ्याचे लावतात, आणि ते योग्यच आहे. गोवा सरकारने २०१९ मध्ये घुमटाला राज्याचे वारसा वाद्य म्हणून मान दिला. देवळात सुवारीचे समूहवादन त्याच्यावर आणि मांडोही त्याच्यावरच. आपण घरात कोकणी बोलतो, आरत्या आणि भजने मराठीत म्हणतो, शेजारचे काका त्याच वाद्यावर मांडो म्हणतात. मडक्याला यात कधी अडचण वाटली नाही.

पण दमट हवेत चामडे सैल पडते, आवाज बसतो. घुमटाला कोरडी जागा लागते. म्हणूनच प्रश्न छपराचा आहे.

आता मांडाविषयी. फाल्गुनात शिगमो, म्हणजे आपला शिमगा, मांडावर सुरू होतो. नमन झाल्याशिवाय ढोलावर काठी पडत नाही, चपला बाहेर काढल्याशिवाय कोणी आत पाय टाकत नाही. पौषात चांदण्या रात्री बायका याच मांडावर समोरासमोर दोन रांगा धरून धालो खेळतात. एरवी जिच्याशी बांधावरून बोलणे तुटलेले असते, तिच्याही कमरेला हात घालावाच लागतो, नाहीतर रांग होत नाही. १९ डिसेंबरला गोवा मुक्तिदिनाचा झेंडा शाळेत लागतो, पण प्रभातफेरी मांडावरूनच निघते. २६ जानेवारीला आपली तरुण मुले मांडावर जमून नाणूसच्या किल्ल्यावर जातात. दिपाजी राण्यांनी १८५२ साली तिथून पोर्तुगीजांविरुद्ध बंड उभारले होते. सण देवाचा असो वा देशाचा, पाय आधी मांडाकडे वळतात.

वाळपई, फोंडा, पणजीला शिगमोत्सवाच्या मिरवणुकी निघतात, बक्षिसे लागतात, ढोलांच्या तालावर नाचत जाणारे आपले रोमटामेळाचे पथकही जाते. आम्हाला त्याचा अभिमान आहे. मात्र गेल्या दोन वर्षांत एक गोष्ट खुपली. मिरवणुकीसाठी महिनाभर घाम गाळणाऱ्या मुलांपैकी निम्म्यांना नमनाच्या पुढच्या ओळी येत नव्हत्या. दोष मुलांचा नाही. तालीम बाहेरच्या हॉलात होते, कारण मांडाची खोली गळते. शिकवणारी म्हातारी माणसे त्या हॉलापर्यंत चालत जाऊ शकत नाहीत. गळक्या छपरामुळे शिकवणारे एकीकडे आणि शिकणारे दुसरीकडे राहिले.

एका ओळखीच्या व्यावसायिकाने सगळा खर्च एकट्याने उचलायची तयारी दाखवली होती. मन मोठे आहे त्यांचे. बैठकीत यावर दोन रात्री बोलणे झाले आणि शेवटी आम्ही नम्रपणे नको म्हटले. एका माणसाच्या पैशाने छप्पर आठ दिवसांत उभे राहील, पण मग ते त्यांचे छप्पर होईल. मांड सगळ्यांचा आहे, तर त्याच्यावर सगळ्या घरांचे एक तरी कौल असले पाहिजे. त्यांनाही आम्ही इतरांएवढाच वाटा मागितला आणि त्यांनी तो आनंदाने दिला. या निर्णयामुळे काम लांबेल हे आम्हाला माहीत आहे. तरी तो बरोबर आहे असे आम्हाला मनापासून वाटते.

वर्गणीच्या वहीतली एक ओळ दाखवावीशी वाटते. ३० मे २०२५ रोजी, घटकराज्य दिनी, गोवा पूर्ण साक्षर राज्य म्हणून जाहीर झाले. वर्तमानपत्रात ती बातमी होती, आपल्या गावात तिला चेहरा आहे. वरच्या वाड्यावरची एक आजी दरवर्षी वर्गणी देते आणि नावापुढे अंगठा उमटवते. वहीची जुनी पाने उघडा, निळ्या शाईचे तिचे अंगठे ओळीने दिसतील. या खेपेला आमचा मुलगा शाईचे पॅड पुढे करू लागला तर तिने ते बाजूला सारले. पेन मागितले. वही मांडीवर घेतली, आधी बोटाने हवेत अक्षर काढून पाहिले आणि मग नाव लिहिले. वेलांटी उलटी गेली, तिने ती पुन्हा गिरवली. नातीने शिकवले म्हणाली, रात्री जेवणे झाल्यावर. वर्गणी तिची नेहमीएवढीच होती. त्या दिवशी सोबत गेलेली आमची दोन्ही मुले घरी येईपर्यंत एक शब्द बोलली नाहीत.

अशा गोष्टी गावासमोर सांगायलाही जागा लागते. येत्या ३० मे रोजी, गोव्याला १९८७ साली घटकराज्याचा दर्जा मिळाला त्या दिवशी, या वयात अक्षरे शिकलेल्या सगळ्या आया-आजींना मांडावर बोलावून त्यांचा मान करायचा आमचा विचार आहे. शाली-श्रीफळाचा मोठा थाट नको. त्यांनी आपापले नाव फळ्यावर लिहावे आणि गावाने बघावे.

आणखी एक काम घाईचे आहे. १९६१ चा १९ डिसेंबर ज्यांनी जाणत्या वयात पाहिला, ती माणसे आता ऐंशीच्या आसपास किंवा पुढे आहेत. १८ जून १९४६ ला मडगावात डॉ. राम मनोहर लोहियांची सभा झाली, १५ ऑगस्ट १९५५ ला सीमेवरच्या पत्रादेवीला देशभरातून आलेल्या सत्याग्रहींनी गोळ्या झेलल्या, हे पुस्तकात मिळते. आपल्या वाड्यावर तेव्हा काय चालले होते, कोण लपून कोणाला भाकर पोचवत होते, पोर्तुगीज पोलीस आले की मुलांना कुठे पाठवत, हे कुठेच लिहिलेले नाही. खोली दुरुस्त झाली की तिथे बसून या माणसांचे बोलणे ध्वनिमुद्रित करायचे आहे. तुमच्या घरी असे कोणी असेल तर आजच कळवा. छपरासाठी थांबू नका, आम्ही घरी येऊ.

आता मदतीचे. सुतार आणि गवंडी दोघांची अंदाजपत्रके मांडावरच्या फलकावर लावली आहेत, कोणीही वाचावीत आणि महाग वाटले तर येऊन सांगावे. वासे आणि रिपा नव्या घालायच्या आहेत, कौले शक्य तितकी जुनीच धुऊन वापरायची आहेत, कमी पडतील तेवढीच नवी घ्यायची. एका भिंतीचे चिरे सुटले आहेत, तेही बसवून घ्यायचे. वाद्यांसाठी जमिनीपासून उंच, भिंतीपासून सुटे कपाट हवे. घुमटांची मडकी डिचोलीच्या कुंभाराकडून आणायची आहेत. चामडे कडक उन्हात वाळवावे लागते, म्हणून तेही पावसाआधीच व्हायला हवे.

पैसे देऊ शकत असाल तर द्या, जमेल तेवढे. रकमेप्रमाणे नावे वर-खाली लावणार नाही, फलकावर वाड्यांच्या क्रमाने घरांची नावे येतील. पैसे नसतील तर लाकूड द्या, कौले द्या, पिकअप एका फेरीसाठी द्या. कोणाच्या भाटात, म्हणजे बागायतीत, जुना फणस पडला असेल तर विकण्याआधी आमच्याशी एक शब्द बोला. स्वयंसाहाय्य गटाच्या बायकांनी श्रमदानाच्या दिवसांचे जेवण स्वतःहून अंगावर घेतले आहे. त्यांना तांदूळ, नारळ आणि सोलां (आमसुले) हवी आहेत.

आखातात असलेल्या मुलांनो, तुम्ही पैसे पाठवाल याची खात्री आहे. पण तुमच्याकडे दुसरेही मागणे आहे. चवथीची सुट्टी आतापासून मागून ठेवा. गणपतीवर टांगायच्या माटोळीला कवंडाळ, कांगल्या, घागऱ्या ही रानफळे आणायला रानात जायचे तर वाट माहीत असलेली माणसे आता थोडीच उरली आहेत. धाकट्यांना एकदा सोबत न्या.

घरात जुन्या आरत्यांच्या हस्तलिखित वह्या, शिगम्याचे, घोडेमोडणी नाचाचे, रणमाले लोकनाट्याचे, पहिल्या मुक्तिदिनांचे फोटो असतील तर बघायला द्या. त्याच दिवशी प्रत काढून मूळ परत करू.

प्रत्येक रुपयाची पावती मिळेल. खजिनदार दर रविवारी सायंकाळी देवळातल्या आरतीनंतर सभामंडपात बसतील. जमा-खर्च दर पंधरवड्याला फलकावर लागेल आणि काम संपल्यावर गावसभेत वाचला जाईल. रोख रक्कम पावतीशिवाय कोणाच्याही हाती देऊ नका, मंडळाच्या सदस्याच्या हातीसुद्धा.

मिरगाचा पाऊस लागायच्या आत कौले चढली पाहिजेत. ३० मे रोजी नव्या छपराखाली आजी फळ्यावर नाव लिहितील आणि १८ जूनला क्रांतिदिनी मुलांची पहिली घुमट आरती तिथेच होईल, असा बेत आहे. त्या दिवशीचे पहिले घुमट वाजवायला पलीकडच्या वाड्यावरच्या काकांना आम्ही आमंत्रण देऊन आलो आहोत. त्यांनी हो म्हटले आहे.

कौले उतरवण्याचे पहिले श्रमदान येत्या रविवारी सकाळी सात वाजता. शिड्या दोनच आहेत, ज्यांच्याकडे असेल त्यांनी आणावी. डोक्याला बांधायला पंचा आणि हातमोजे असतील तर सोबत घ्या, जुन्या कौलांखाली विंचू असतात. लहान मुलांना जरूर आणा, धुतलेली कौले मोजून रचायचे काम त्यांच्यासाठी राखून ठेवले आहे.

आपले,
कार्यकारी मंडळ आणि मांडाचे मानकरी