दोन लांब्यांची एक विनंती

मा. संपादक,
स. न. वि. वि.

धनादेशावर आकड्यांतील आणि अक्षरी रक्कम वेगवेगळी असेल, तर १८८१ च्या निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्याचे कलम १८ अक्षरी रक्कम ग्राह्य धरते. तरीही बँका असा धनादेश सहसा परतच पाठवतात. मुंबईत सर्व्हर सांभाळणाऱ्या माझ्यासारख्याला हा बँकेचा कडकपणा हेवा वाटावा असा आहे, कारण आमच्याकडे नेमके उलट चालते : परस्परविरोधी आकडेही मुकाट चालवून घेतले जातात.

गेल्या पावसाळ्यात एका ग्राहक कंपनीच्या संकेतस्थळावर बिल भरताना लोकांना अधूनमधून, काही चूक नसताना, ‘अवैध विनंती’ असा संदेश येऊ लागला. दोन दिवस आम्ही नेटवर्कला दोष देत बसलो. शेवटी सापडले ते असे : जुने मोबाइल ॲप सर्व्हरला पाठवलेल्या विनंतीत मजकुराची लांबी सांगणारा ‘कंटेंट-लेंग्थ’ हा हेडर (मजकुराआधी येणारी माहितीची ओळ) दोनदा पाठवत होते. एकदा त्याने अक्षरचिन्हे मोजली होती, एकदा बाइट (संगणकातील साठवणीची एकके). इंग्रजी मजकुरात दोन्ही आकडे सारखेच येतात, म्हणून चाचणीत काही कळले नाही. पण पत्त्यात देवनागरीत ‘मुंबई’ लिहिले, की चिन्हे ५ आणि यूटीएफ-८ मध्ये (अक्षरे बाइटमध्ये मांडण्याच्या पद्धतीत) बाइट १५. पुढचा प्रॉक्सी, म्हणजे विनंती आधी घेऊन मागे पोचवणारा मध्यस्थ, मोठा आकडा मानत होता, मागचा सर्व्हर लहान. उरलेले १० बाइट त्याच जोडणीत पडून राहत आणि पुढच्या अनोळखी ग्राहकाच्या विनंतीला चिकटत.

आमचा प्रकार निव्वळ गबाळेपणाचा होता. हेच कोणी मुद्दाम केले, तर उरलेल्या तुकड्यात अर्धवट विनंती दडवून दुसऱ्याची कुकी (लॉगिनची ओळखखूण) पळवता येते. ‘रिक्वेस्ट स्मगलिंग’ या नावाने हा हल्ला २००५ पासून ज्ञात आहे, आणि २०१९ मध्ये सुरक्षा-संशोधक जेम्स केटल यांनी तो मोठमोठ्या यंत्रणांवर अजूनही चालतो हे दाखवून दिले.

पाठवताना काटेकोर आणि स्वीकारताना उदार असावे, हे इंटरनेटच्या आद्य रचनाकारांपैकी एक असलेल्या जॉन पोस्टेल यांचे १९८० मधील सूत्र अनेक सॉफ्टवेअर-विक्रेते आजही ढाल म्हणून पुढे करतात. त्या काळी जाळे जोडले जाणे हेच मोठे काम होते. आज प्रत्येकाची उदारता निराळी असल्यानेच घात होतो. जून २०२२ च्या आरएफसी ९११२ या इंटरनेट-मानकानुसार अशा विनंतीत परस्परविरोधी लांब्या आल्या, तर सर्व्हरने ४०० क्रमांकाचे, म्हणजे ‘अवैध विनंती’ असे, उत्तर देऊन जोडणी बंद केलीच पाहिजे. हेडरचे नाव आणि त्यापुढचा अपूर्णविराम (:) यांच्यामध्ये मोकळी जागा असली किंवा संकेतस्थळाचे नाव सांगणारा ‘होस्ट’ हेडर दोनदा आला, तरीही विनंती नाकारायचीच आहे. दोन्ही लांब्या सारख्याच असतील, तर मात्र त्यांची एक करून घेण्याची मुभा आहे. माझे विचाराल, तर मी तीही घेणार नाही. अर्थात प्रत्येक दुहेरी हेडर सदोष नसतो : सर्व्हरच्या उत्तरात कुकी साठवायला सांगणारा ‘सेट-कुकी’ अनेकदा येणे रीतसरच आहे.

‘जुनी ॲप बंद पडतील’ ही विक्रेत्यांची तक्रार खोटी नाही. आमचे ॲपही बंद पडले, आणि जी दुरुस्ती अनेक महिने रेंगाळली होती ती आठवड्यात झाली.

नागरी सेवांच्या संकेतस्थळांच्या निविदा काढणाऱ्यांनी म्हणूनच एक अट घालावी. विक्रेत्याने दोन वेगळ्या लांब्यांची विनंती समोर पाठवून दाखवावी, आणि ती प्रॉक्सीकडे व मागच्या सर्व्हरकडे स्वतंत्रपणे पाठवावी; दोघांनीही ती नाकारलेली दिसावी, कारण आमच्याकडे दोघेही आपापल्या जागी वरवर व्यवस्थित चालत होते.

आपला,
एक सर्व्हर प्रशासक, विलेपार्ले (पूर्व), मुंबई